अवघड जागेची साधी गाठ
मुलांच्या आणि तरुणांच्या मणक्यातील कर्करोग नसलेल्या गाठी : शस्त्रक्रिया कधी, किती आणि केव्हा नाही

संध्याकाळी फूलबागेत एक चक्कर मारली, तर ग्वाल्हेरचे तरुण कणे कशाकशाला जुंपलेले असतात ते दिसते. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीच्या आवारात धावणारी मुले, चिडियाघराच्या फाटकाशी धाकट्याला खांद्यावर घेऊन उभी असलेली थोरली बहीण, कोचिंगचे दप्तर पाठीवर टाकून स्कूटीवरून निघालेल्या मुली. खेळाडू घडवणारी लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थाही १९५७ पासून याच शहरात आहे. अशा गावात पंधरा वर्षांच्या मुलाने ‘पाठ दुखते’ म्हटले, की लष्कर भागातल्या मराठी घरात उत्तरे तयार असतात. उसण भरली असेल. दप्तर जड आहे. मोबाइलवर वाकून बसतोस. उंची वाढते आहे, दुखणारच. मग तेल, शेक, बाम. बहुतेक मुलांच्या बाबतीत यातले एखादे उत्तर बरोबरही असते, आणि दोन आठवड्यांत पोर पुन्हा मैदानावर दिसते.

हा लेख उरलेल्या मोजक्या मुलांबद्दल आहे. त्यांचे दुखणे दोन आठवड्यांत जात नाही, रात्री वाढते, आणि काही महिन्यांनी आईच्या लक्षात येते की सदरा एका खांद्यावरून घसरतो आहे. त्यातल्या काहींच्या मणक्यात गाठ असते. ती बहुधा कर्करोगाची नसते. पण मणक्यातल्या गाठीबाबत ‘साधी’ हा शब्द अर्धीच माहिती देतो. उरलेली अर्धी माहिती म्हणजे गाठीची जागा, तिचा स्वभाव आणि त्या मुलाची अजून किती वाढ बाकी आहे, या तीन गोष्टी. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या गाठींवरचे उपचार ज्या वाटेने बदलत गेले, ती सगळी वाट या तीन प्रश्नांभोवतीच फिरते.

साधी, पण कुठे?

‘गाठ’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे पुढचा शब्द ‘कॅन्सर’ हाच येतो. डॉक्टरांनी ‘साधी आहे’ म्हटले, की घराचा जीव भांड्यात पडतो. हाता-पायाच्या हाडात ते ठीकच आहे. तिथली साधी गाठ वेळ देते, जागा देते, आणि काढताना चूक झाली तरी ती बहुतेक वेळा सुधारता येते. मणक्यात तशी मोकळीक नाही. प्रत्येक मणक्याचे ढोबळ दोन भाग असतात : पुढचा गोल ठोकळा, जो वजन पेलतो, आणि मागची कमान, जी मज्जारज्जूला कवेत घेते. दोहोंच्या मधल्या बोळातून मज्जारज्जू जातो, फटींतून नसा बाहेर पडतात, आणि मानेत तर दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या याच हाडाच्या छिद्रांतून वर चढतात. इथे सुपारीएवढी गाठही पायातली ताकद काढून घेऊ शकते. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे डॉक्टर परका असला तरी जागेचा अवघडपणा कमी होत नाही.

एक दिलासा मात्र खरा आहे. मणक्याच्या हाडातच जन्मलेल्या गाठी प्रौढांमध्ये बहुतेक घातक निघतात. मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये हे प्रमाण उलटे होते आणि बहुतेक गाठी साध्या निघतात. दुसरी उपयोगी खूण म्हणजे गाठीचे घर. मागच्या कमानीत बसलेली गाठ साधी असण्याची शक्यता जास्त असते. पुढच्या ठोकळ्यातली गाठ अधिक सावधपणे पाहावी लागते. खूण म्हणजे पुरावा नव्हे, तो सुईच्या टोकावरच मिळतो. पण शोध कुठून सुरू करायचा, हे तिच्यावरून ठरते.

प्रत्येक गाठीचा वेगळा स्वभाव

साध्या गाठी एका माळेचे मणी नाहीत. त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत, की एकीला जो उपचार तारतो तोच दुसरीच्या बाबतीत अतिरेक ठरतो.

पहिली ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये तिला वेगळी ओळख दिली. गाभा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचा, पण दुखणे अवाढव्य. तो गाभा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने मोठ्या प्रमाणात तयार करतो. दुखणे रात्री वाढते आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळीने अर्ध्या-एक तासात गायब होते ते त्यामुळेच. जुनी पुस्तके यासाठी अ‍ॅस्पिरिनचे नाव घेतात. मुलांना मात्र ते स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेज सिंड्रोम उद्भवू शकतो. ही गाठ मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त, साधारण दहा ते पंचवीस या वयात, आणि मणक्यात असली तर बहुधा कंबरेच्या किंवा मानेच्या कमानीत आढळते. तिची खास खूण म्हणजे दुखरा बाक. एरवी किशोरवयातला कण्याचा बाक, म्हणजे स्कोलिओसिस, फारसा दुखत नाही. बाक आहे आणि तो दुखतोही, तर वक्राच्या आतल्या बाजूला, वळणाच्या टोकाशी ही गाठ शोधावी, हे अस्थितज्ज्ञांचे पक्के सूत्र आहे.

दुसरी ऑस्टिओब्लास्टोमा, पहिलीची दांडगी बहीण. जाफे आणि लुई लिक्टेनस्टाइन या दोघांनी १९५६ मध्ये तिचे वेगवेगळे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सख्ख्या बहिणी वाटतात, आणि २०१८ मध्ये दोघींतही फॉस या जनुकाची मोडतोड सापडल्याने नाते पक्केही झाले. पण ही दोन सेंटिमीटरवर थांबत नाही. ती वाढते, कमान फुगवते, मज्जारज्जूवर रेलते. रात्रीचे दुखणे आणि गोळीने आराम हे नाटक हिच्यात तितके ठळक नसते. त्याऐवजी मुंग्या येणे, पाय लटपटणे ही लक्षणे दिसतात. शरीरातल्या सगळ्या ऑस्टिओब्लास्टोमांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मणक्यात असतात, म्हणून मणक्याच्या शल्यचिकित्सकाला ही चांगलीच परिचित.

तिसरी अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट, रोजच्या बोलण्यात एबीसी. नाव १९४२ चे, तेही जाफे-लिक्टेनस्टाइन जोडीचेच, आणि बरेचसे फसवे. ही धमनीचा फुगाही नाही आणि नेहमीच्या अर्थाने सिस्टही नाही. ती रक्ताने भरलेल्या कप्प्यांची स्पंजासारखी पोकळी. एमआरआयमध्ये त्या कप्प्यांत रक्ताचे थर साचलेले दिसतात, पाण्याच्या ग्लासात गाळ बसावा तसे. अनेक वर्षे हिला गाठ म्हणायचे की रक्ताभिसरणातली गडबड, यावर वाद होता. २००४ मध्ये यूएसपी-६ या जनुकाचा फेरफार सापडला आणि ही खरोखरच गाठ आहे, हे ठरले. वीस वर्षांखालच्यांमध्ये ती अधिक आढळते. बहुधा कमानीत सुरू होऊन ठोकळ्यात शिरते. शस्त्रक्रियेत हिची भीती रक्तस्रावाची.

चौथी इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा, म्हणजे लँगरहॅन्स पेशींच्या आजाराचे मणक्यातले रूप. पाच-दहा वर्षांच्या मुलाचा मणक्याचा ठोकळा नाण्यासारखा चपटा होतो. फ्रान्सच्या जाक काल्व्हे यांनी १९२५ मध्ये हे चित्र टिपले तेव्हा त्यांना ते हाडाच्या पोषणाचे दुखणे वाटले होते. त्यामागे बहुधा ही गाठ असते, हे १९५० च्या दशकात उमगले. क्ष-किरण पाहून पोटात गोळा यावा अशी अवस्था असते, पण बहुतेक मुलांत मज्जारज्जू सुरक्षित असतो आणि वाढीच्या वर्षांत मणका बरीच उंची परत मिळवतो. इथे उत्तम शस्त्रक्रिया बहुधा तीच, जी केली जात नाही.

याशिवाय रक्तवाहिन्यांची हिमँजिओमा आहे. दर दहा माणसांमागे साधारण एकाच्या मणक्यात ती असते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. एमआरआयच्या अहवालात तिचे नाव वाचून घरे उगाच हादरतात. ती फुगून मज्जारज्जूकडे सरकली तरच उपचार. जायंट सेल ट्यूमर विशीनंतरची, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत जास्त, आणि साधी असूनही आडदांड. ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही कूर्चेची टोपी घातलेली हाडाची वाढ. ती कण्याच्या बोळात वळली तर मात्र काढावी लागते.

टीबीच्या सावलीत

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत या गाठींचे निदान कसे करावे याची सरळ शिडी असते : तपासणी, क्ष-किरण, सीटी, एमआरआय, सुई. आपल्याकडे त्या शिडीच्या मध्ये एक मोठा दगड आहे, क्षयरोगाचा. चंबळपासून चंद्रपूरपर्यंत तरुणाच्या मणक्यात हाड खाल्लेले दिसले, की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो यावाही. इथे तोच आजार सर्वांत जास्त आढळतो. चूक संशयात नाही. नमुना न घेता वर्ष-दीड वर्षाची औषधे सुरू करण्यात ती असते. टीबीची औषधे घेत असताना एबीसी फुगत राहते. ‘अजून सहा महिने पाहू’ म्हणता म्हणता पायांची ताकद जाते.

दोहोंना वेगळे करणारी सोपी खूण पुस्तकातही आहे आणि फिल्मवरही. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो आणि शेजारच्या मणक्यात पसरतो. गाठ बहुधा एकाच मणक्यात राहते आणि चकतीला हात लावत नाही. अपवाद दोन्हीकडे आहेत. टीबी एखाद्या मुलाचा मणका चपटाही करतो. म्हणून सीटीच्या मदतीने नेमकी सुई घालून नमुना घ्यावा, त्याचे दोन भाग करावेत, एक सूक्ष्मदर्शकाखाली आणि एक टीबीच्या जनुकीय चाचणीसाठी पाठवावा. हा खर्च पुढच्या दीड वर्षाच्या चुकीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

सुईबाबत आणखी एक नियम आहे, आणि तो अनेकदा मोडला जातो. जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार, तिथेच आणि त्याच चमूच्या सल्ल्याने सुई घालावी. सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. ती वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदातच आली पाहिजे. भलत्या बाजूने घातलेली सुई, किंवा ‘उघडून पाहू’ म्हणून केलेली अर्धवट शस्त्रक्रिया, पुढच्या शल्यचिकित्सकाचे हात बांधून टाकते.

तपासण्यांचीही निवड आहे. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा इवलासा गाभा सीटीच्या पातळ कापांत लख्ख दिसतो. एमआरआयमध्ये त्याच्या भोवतीची सूजच इतकी दिसते, की ती पाहून घातक गाठ किंवा संसर्ग वाटू शकतो. याउलट मज्जारज्जूवरचा दाब आणि एबीसीचे कप्पे एमआरआयच दाखवतो. वयाने लहान मुलाला सीटीचे किरण पुन्हा पुन्हा देणे मात्र टाळावे.

किती कापायचे?

शस्त्रक्रियेचा मूळ वाद एकाच वाक्यात मांडता येतो. गाठ खरवडून काढायची, की तिच्या भोवतीच्या निरोगी कवचासह एकसंध उचलायची? खरवडले तर पेशी मागे राहण्याची भीती. एकसंध काढले तर नसा, धमन्या आणि कण्याची स्थिरता पणाला.

या वादाला शिस्त लावली ती अमेरिकेच्या विल्यम एनेकिंग यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी साध्या गाठींचे तीन टप्पे पाडले : निपचित, चालती आणि आक्रमक. निपचित गाठीकडे लक्ष ठेवावे. चालती गाठ नीट खरवडून काढावी. आक्रमक गाठ शक्य तिथे एकसंध काढावी. पण एनेकिंग यांचा विचार हातापायांचा होता. तिथे गाठीभोवती निरोगी मांसाचे अस्तर घेता येते. मणक्याच्या मधून मज्जारज्जू जातो, तेव्हा अस्तर आणायचे कुठून? १९९७ मध्ये वाइनस्टाइन, बोरियानी आणि बियाजिनी यांनी मणक्याचा आडवा काप घड्याळाच्या तबकडीसारखा बारा भागांत वाटला आणि बाहेरून आत पाच थर केले. गाठ कोणत्या ‘तासांत’ आणि कोणत्या थरांत आहे, हे मांडले की कोणत्या बाजूने शिरता येईल आणि एकसंध काढणे शक्य आहे का, हे कागदावरच दिसू लागते. इटलीतल्या बोलोन्याच्या रिझोली संस्थेत स्तेफानो बोरियानी यांनी हा आराखडा दशकानुदशके वापरला आणि आज जगभर तोच मानला जातो.

आख्खा मणका एकसंध काढण्याचे धाडस त्याआधी झालेले होते. स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी १९७१ मध्ये कूर्चेच्या कर्करोगासाठी ते केल्याचे लिहिले. जपानच्या कानाझावा इथल्या कात्सुरो टोमिता यांनी १९९० च्या दशकात पाठीच्या बाजूने, तारेसारख्या बारीक करवतीने मणका दोन तुकड्यांत काढण्याची पद्धत बसवली. साध्या गाठींसाठी इतके करायचे का, यावर आजचे उत्तर मोजके आहे. आक्रमक ऑस्टिओब्लास्टोमा आणि जायंट सेल ट्यूमर यांच्या बाबतीत, जागा परवानगी देत असेल तर, होय. कारण पुन्हा उगवलेली गाठ पहिल्यापेक्षा जास्त हट्टी असते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत जखमेचे व्रण मज्जारज्जूला चिकटलेले असतात. बाकी बहुतेक गाठींच्या बाबतीत नाही.

शस्त्रक्रियेतली सुरक्षितताही पुष्कळ बदलली. १९७३ मध्ये फ्रान्सच्या स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती लिहून ठेवली : मध्येच रुग्णाला भुलीतून थोडे जागे करायचे, पाय हलवायला सांगायचे, हलले की पुन्हा झोपवायचे. आता डोक्यापासून पायांपर्यंत विद्युत लहरी सतत मोजणारी यंत्रे ते काम करतात. इवलासा गाभा शोधायला शस्त्रक्रियागृहातच सीटी आणि दिशादर्शक यंत्रणा वापरता येते. पूर्वी तो नेमका न सापडल्याने चांगले हाड जास्त आणि गाठ कमी निघे, आणि दुखणे तसेच राही.

चाकू लहान होत गेला

गेल्या चाळीस वर्षांचा कल एकूण चाकू लहान करण्याकडे आहे. १९९२ मध्ये बॉस्टनच्या डॅनियल रोझेन्थल यांच्या चमूने ऑस्टिऑइड ऑस्टिओमाच्या गाभ्यात सुई घालून तिच्या टोकाला रेडिओलहरींनी सुमारे ९० अंशांपर्यंत तापवून तो जाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हातापायांत ती लवकरच पहिली पसंती बनली. मणक्यात सुरुवातीला लोक बिचकले. तापलेली सुई आणि नस यांत मिलिमीटरांचे अंतर. मग गाभा आणि नस यांच्या मध्ये हाडाचा पडदा शाबूत आहे का हे पाहणे, नसेजवळ थंड द्राव किंवा वायू सोडून ती दूर सारणे अशा युक्त्या आल्या. आज नसेपासून पुरेसे अंतर असेल, तर मणक्यातही हा उपचार होतो. मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते, मणके जोडावे लागत नाहीत. गाठ नसेला टेकलेली असेल किंवा निदानच पक्के नसेल, तर मात्र उघडी शस्त्रक्रियाच भरवशाची.

एबीसीत बदल आणखी मोठा झाला. पूर्वी सरळ उघडून खरवडणे आणि भळाभळा रक्त जाणे हेच ठरलेले होते. आता मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बुजवतात. रिझोलीच्या चमूने एक पाऊल पुढे टाकून, मज्जारज्जूवर दाब नसेल आणि मणका मोडलेला नसेल, तर वाहिन्या बुजवणे हाच पहिला उपचार असावा अशी मांडणी केली; काही महिन्यांच्या अंतराने तो अनेकदा करावा लागतो. धोका एकच, पण मोठा : पाठीच्या खालच्या भागात बहुधा डाव्या बाजूने अ‍ॅडमकिविझ नावाची धमनी मज्जारज्जूला पोसते. ती चुकून बुजली, तर पाय जातात. म्हणून आधी चित्रात ती कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

गाठीत औषध टोचून तिला आटवण्याच्या पद्धतीत भारताचे योगदान ठळक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील रस्तोगी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पोलिडोकॅनॉल टोचलेल्या ७२ एबीसी रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. फुगलेल्या शिरांसाठी वापरले जाणारे हे स्वस्त औषध हाडाच्या गाठीतही उपयोगी पडते, हे त्यातून जगापुढे आले. हे यश मुख्यतः हातापायांच्या हाडांतले. मणक्यात औषध भलतीकडे झिरपण्याची भीती असल्याने तिथे हात राखूनच चालावे लागते.

डेनोसुमॅब हे हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारे इंजेक्शन. जायंट सेल ट्यूमरसाठी प्रौढ आणि हाडांची वाढ पूर्ण झालेले किशोर यांच्यासाठी २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि न काढता येणाऱ्या गाठी त्याने आकुंचन पावतात हे खरे आहे. पण वाढत्या वयात ते थांबवल्यावर रक्तातले कॅल्शियम धोकादायकपणे उसळू शकते, आणि त्याने टणक झालेली गाठ खरवडल्यावर पेशी लपून राहू शकतात. म्हणून ते शस्त्रक्रियेची जागा घेत नाही, फार तर तिची तयारी करून देते.

हिमँजिओमाच्या इतिहासात एक गंमत आहे. मणक्यात सिमेंट भरण्याचा उपचार आज वयस्कर, ठिसूळ हाडांच्या माणसांसाठी माहीत आहे; पण तो पहिल्यांदा १९८४ मध्ये फ्रान्सच्या आमियाँ शहरात मानेतल्या हिमँजिओमासाठी केला गेला. किरणोपचार मात्र मुलांमध्ये सहसा टाळले जातात. वाढ खुंटते, आणि अनेक वर्षांनी त्याच जागी खरा कर्करोग उद्भवण्याची भीती असते.

वाढत्या कण्याचे गणित

प्रौढाच्या मणक्यातून गाठ काढताना शल्यचिकित्सक आजचा विचार करतो. मुलाच्या बाबतीत त्याला पुढच्या दहा वर्षांचाही हिशेब मांडावा लागतो. मज्जारज्जू मोकळा करण्यासाठी मागची कमान उघडली, तर वाढत्या वयात कणा पुढे झुकत जाऊन कुबड येऊ शकते. ते टाळण्यासाठी मणके स्क्रू-सळ्यांनी जोडले, तर जोडलेल्या भागाची वाढ थांबते. पाठीमागून जोडले आणि पुढचे ठोकळे वाढतच राहिले, तर कणा हँडल फिरवावे तसा पिळत जातो. फ्रान्सच्या ज्यां द्युबुसे यांनी १९८९ मध्ये ‘क्रँकशाफ्ट’ म्हणून वर्णिलेला प्रकार तो हाच. म्हणून मुलात जोडायचे तर किती कमी मणके, आणि न जोडता भागेल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपर्यंत चर्चेत राहतो.

बाकाबद्दलही वेळ निर्णायक ठरते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमामुळे आलेला बाक स्नायूंच्या आकडीतून सुरू होतो. १९८६ मध्ये मेयो क्लिनिकच्या पेटिन आणि क्लासेन यांनी दाखवले, की दुखणे सुरू झाल्यापासून साधारण पंधरा महिन्यांच्या आत गाठ काढली, तर बाक आपोआप सरळ होण्याची शक्यता चांगली; त्यानंतर मणक्यांचा आकारच बदलू लागतो आणि गाठ गेली तरी बाक राहतो. या गाठी वर्षानुवर्षांनी आपसूक शांत होऊ शकतात, त्यामुळे गोळ्यांवर काढणे हा एक मार्ग पुस्तकात आहे. पण मुलाच्या कण्यात बाक दिसत असेल तर त्या मार्गाला मुदत आहे.

शस्त्रक्रियेनंतर घरच्यांना एक गोष्ट सांगावीच लागते. साध्या गाठी पुन्हा उगवल्या तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उगवतात. दुखणे थांबले म्हणून फेरी चुकवू नये. स्क्रू बसवताना टायटॅनियमचे किंवा कार्बन फायबरचे निवडले, तर पुढच्या एमआरआयमध्ये चित्र कमी विस्कटते. हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारण्याचा आहे.

फूलबागेपासून पुढचा रस्ता

फूलबागेपासून टेम्पोने थोड्याच मिनिटांत जयारोग्य रुग्णालयाचा परिसर येतो. १९४६ पासून तिथे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, मध्य भारतातल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक. जवळच मांढरेच्या मातेची टेकडी आहे. तिथल्या कर्करोग रुग्णालयामुळे लोक तिला ‘कॅन्सर पहाडी’ म्हणतात. शिंद्यांच्या लष्करासोबत आलेल्या मराठी घरांनी या टेकडीवर देवीला नवस बोलले आणि खाली दवाखान्यात रांगाही लावल्या.

एवढे असले तरी मणक्यातली गाठ दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ आजारात अनुभव मोजक्या ठिकाणीच साचतो. सुईने नमुना घेणारा रेडिओलॉजिस्ट, हाडाच्या गाठी ओळखणारा विकृतिशास्त्रज्ञ, वाहिन्या बुजवणारा तज्ज्ञ आणि मणक्याचा शल्यचिकित्सक एका टेबलाशी बसले, तरच योग्य निर्णय होतो. ग्वाल्हेरहून दिल्ली सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रातल्या घरांना मुंबईचे १९४१ पासूनचे टाटा मेमोरियल किंवा एखादे मोठे वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. प्रवास आणि खर्च डोंगराएवढा वाटतो, पण आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कार्ड काढून ठेवणे हे दुखणे सुरू होण्याआधीचे काम.

हा सगळा पट समोर ठेवला तर निष्कर्ष एकच निघतो. या गाठींच्या बाबतीत शस्त्रक्रियेचे शास्त्र आज चांगल्या स्थितीत आहे. कुठे सुई पुरते, कुठे खरवडणे, कुठे आख्खा मणका आणि कुठे फक्त धीर, हे बऱ्यापैकी ठरले आहे. कच्चा दुवा शस्त्रक्रियागृहाच्या फार अलीकडे आहे : पहिल्या सहा महिन्यांत, घरात आणि पहिल्या दवाखान्यात. शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला, तरी उशिरा पोचलेल्या मुलाचा वाकलेला कणा तो पूर्ववत करीलच असे नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. मुलाची पाठ किंवा मान रात्री दुखून त्याला झोपेतून उठवत असेल, गोळीने थांबून पुन्हा सुरू होत असेल, बाक दुखरा असेल, किंवा पाय लटपटत असतील, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याला तज्ज्ञाकडे न्या. कोणी थेट टीबीची औषधे लिहून दिली, तर नम्रपणे विचारा : ‘डॉक्टर, आधी नमुना घ्यायचा का?’ उत्तर ‘नको’ असू शकते, आणि ते बरोबरही असू शकते. पण कारण विचारण्याचा हक्क आपला आहे.